वाळूचं अंगण

तन्वी, गेल्या रविवारी तू फोनवर विचारलंस, "आजी, आमच्या घरातली खालची रूम तुमच्यासाठी होती ना? बाबा म्हणाला. मग तुम्ही का नाही आलात?" तुझ्या मागून ओंकार ओरडत होता, "आस्क हर अबाउट द स्नेक्स!" ओंकारचं उत्तर सोपं आहे. साप आहेत, पण आमच्यापेक्षा लाजरे आहेत. तुझं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. "लिहून कळवते," एवढंच मी म्हणाले.

म्हणून लिहितेय, आणि मराठीत लिहितेय. कॉलेजात मी इंग्रजी शिकले आणि नोकरीभर इंग्रजी पुस्तकांच्या याद्या केल्या. पण हे इंग्रजीत लिहायला बसले तर त्याचं ऑफिसचं पत्र होईल. बाबा वाचून दाखवेल. मध्ये कुठे अडखळला तर त्याला घाई करू नका.

खिडकीबाहेर पालो वर्दे फुललाय. पालो वर्दे म्हणजे स्पॅनिशमध्ये हिरवी काठी. या झाडाचं खोडच हिरवं असतं आणि पानं असून नसल्यासारखी. अकरा महिने ते बिचारं कुणाच्या अध्यात नसतं. मग एप्रिल लागतो आणि एका आठवड्यात ते सगळं हळदीत बुडवून काढल्यासारखं होतं. पाकळ्या नखाएवढ्या. वाऱ्याने त्या दारात, गाडीच्या टपावर, पाण्याच्या बादलीत येऊन पडतात. काल आजोबा फिरून आले तेव्हा त्यांच्या टोपीवर तर होत्याच, उजव्या भुवईवरही दोन होत्या. मी काही बोलले नाही. दुपारच्या जेवणापर्यंत ते तसेच हिंडत होते.

तू विचारतेस ती गोष्ट चार वसंतांपूर्वीची. तू सहा वर्षांची होतीस, ओंकार दोनचा.

त्याआधीची अठ्ठावीस वर्षं आम्ही ॲन आर्बरला काढली. तिथला वसंत चिखलातून येतो. मार्चमध्ये बर्फ वितळून काळा पडतो, एप्रिलमध्ये एक दिवस ऊन पडतं, पोरं लगेच अर्ध्या चड्ड्या घालून सायकली काढतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बर्फ. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात होते. बसस्टॉपवर उभी असताना मी मनातल्या मनात दिवस मोजायची. आजोबा मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात इंजिनिअर. त्यांच्या गुडघ्यांनी शेवटच्या पाच वर्षांत असहकार पुकारला होता. आमच्या तळघराचा जिना ते कडेकडेने, खेकड्यासारखे उतरत आणि वर, "मी जिना तपासतोय," असं म्हणत. डॉक्टरांनी सांगितलं, थंडी आणि ओल टाळा. मिशिगनमध्ये हे सांगणं म्हणजे माशाला पाणी टाळायला सांगण्यासारखं होतं.

त्याच सुमारास बाबा आणि तुझ्या आईने, मेधाने, तुमच्या रेडमंडला नवं घर बांधायला घेतलं. खाली एक खोली आमच्यासाठी. मला दुसरं काही दिसेना. नातवंडं, मुलगा, सून आणि एका छपराखाली आम्ही. घर उन्हाळ्यात पुरं होणार होतं. तोवर आजोबांच्या गुडघ्यांसाठी एक हिवाळा इथे टूसॉनला, वाळवंटात काढायचा आणि जूनमध्ये रेडमंडला जायचं, असं ठरलं. ठरवलं मी. आजोबा "हो" म्हणाले. आजोबांचं "हो" तुम्हाला माहीत आहे. "भात वाढू का?" या प्रश्नालाही ते तसंच "हो" म्हणतात आणि मग भात पानात तसाच राहतो.

ॲन आर्बरचं घर विकलं. खोक्यांवर मी माझ्या अक्षरात चिठ्ठ्या लावल्या: रेडमंड किचन, रेडमंड पुस्तकं, रेडमंड देव. त्यातली दहा-बाराच टूसॉनला बरोबर आणली आणि उघडली त्याहून कमी. सात महिन्यांसाठी कशाला पसारा!

हे घर मी पहिल्यांदा पाहिलं ते नोव्हेंबरमध्ये. गावाच्या कडेला, मागे एक कोरडा ओढा. इथे त्याला वॉश म्हणतात. वर्षातून दोन-चार वेळा त्याला पाणी येतं, बाकी तो वाळूचा रस्ता. घरापुढे अंगण होतं. गवत नाही, फरशी नाही. पिवळट वाळू, बारीक खडे, चार काटेरी झुडपं आणि मधोमध तीन पुरुष उंचीचा सवारो निवडुंग, एक हात वर करून उभा. वर्गात पहिल्यापासून हात वर करून बसलेला आणि बाईंनी कधी न विचारलेला मुलगा असतो ना, तसा.

मिरजेला आमच्याकडे सकाळी अंगण झाडून, सडा घालून, रांगोळी काढल्याशिवाय चहाचं आधण चढत नसे. ॲन आर्बरला अंगण नव्हतं, लॉन होतं. लॉन कुणी झाडत नाही. बर्फ सारायचा असतो, पण त्याला सडा लागत नाही. माझ्या वहिनीने एकदा हौसेने सुटकेसमधून खराटा आणून दिला होता. तो वीस वर्षं गॅरेजमध्ये फावड्यांच्या मागे उभा होता. कोण जाणे कशाला, मी तो टूसॉनला आणला. दुसऱ्या दिवशी पहाट झाली, मी दार उघडलं, वाळू पाहिली आणि हात आपोआप कामाला लागले.

काय सांगू तुम्हाला, किती बरं वाटलं! कमरेत वाकून, एका लयीत, पंख्यासारख्या रेघा वाळूवर उमटवत मी भिंतीपासून फाटकापर्यंत गेले. काटक्या, सुकलेली पानं, फोलपटं, भुसा, सगळा केर मागच्या कोपऱ्यात नेला आणि बुटक्या भिंतीवरून ओढ्याच्या उतारावर टाकला. मग बादलीभर पाण्याचा सडा. ओल्या वाळूचा वास आला. उंबऱ्यापुढे रांगोळी काढली. रांगोळीची पूड नव्हती, म्हणून तांदळाचं पीठ घेतलं.

आजोबा खुर्ची घेऊन बाहेर येऊन बसले. "काहून एवढं झाडतेस बापा?" ते म्हणाले. नागपूरचे ना ते, खुशीत आले की भाषा तिकडची होते. "वारा आला की पुन्हा तेच."

"मिरजेलाही वारा होता," मी म्हणाले.

तेवढ्यात फाटकापाशी एक बाई येऊन उभी राहिली. सत्तरीची, उंचीने माझ्या खांद्याएवढी, डोक्यावर पुरुषी हॅट. ही आपली डोलोरेस. तुम्ही तिला ओळखता, पण मी तिला तेव्हा पहिल्यांदाच पाहत होते. तिचा जन्म इथला, तिच्या आजीचाही इथला. तीस वर्षं स्कूलबस चालवून ती निवृत्त झाली होती, आणि सगळ्या जगाशी ती मागच्या सीटवर दंगा करणाऱ्या मुलाशी बोलावं तशी बोलत असे.

"हनी, काही हरवलंय का?"

"नाही. झाडतेय."

"काय झाडतेयस?"

"अंगण."

"वाळूवरची वाळू?"

"हो."

तिने हॅट मागे सारली आणि नीट पाहिलं. "मग खाली काय निघालं?"

"वाळूच," मी म्हणाले.

"बरं," असं म्हणून ती निघून गेली. आजोबा खुर्चीत हसून हसून वाकडे झाले. "शालू, त्या बाईनं तुझी व्हायवा घेतली!"

हसले ते ठीक होतं. पण त्या दिवसापासून ते रोज सकाळी खुर्ची बाहेर काढायला लागले. कारण रांगोळीला पाहुणे येत. मी आत वळले की झुडपातून लावे निघत. राखाडी, गुबगुबीत, डोक्यावर काळा तुरा पुढे झुकलेला, वरातीतल्या बँडवाल्यांसारखे. एकापाठोपाठ एक, रांग न मोडता यायचे आणि माझी रांगोळी एका कडेने खायला लागायचे. ठिपक्यांची असली की ठिपके टिपायचे, कमळ असलं की आधी पाकळ्या. आजोबा खिडकीतून मला बातमी देत. "तुझं स्वस्तिक अर्धं झालं. आता मोराची मान." पुढे मी आयसेलिन गावातल्या मैत्रिणीला फोन केला आणि तिने तिथल्या भारतीय दुकानातून दगडाच्या रांगोळीचं पाकीट पाठवलं. ते अजून कपाटात तसंच आहे. पाहुण्यांच्या ताटात दगड कोण वाढणार?

हिवाळ्यात दोनदा चांगला पाऊस झाला. संथ, दिवसभर पडणारा. डोलोरेस तेव्हा मुलीकडे फिनिक्सला गेली होती, जानेवारी संपेपर्यंत ती नव्हती. पावसानंतर पंधरा दिवसांनी वाळूत हिरवं काहीतरी दिसायला लागलं. अगदी नाजूक, गाजराच्या पानांसारखं. मला वाटलं तण. ओलं आहे तोवर निघतं म्हणून मी चवड्यावर बसून एकेक उपटलं आणि केराबरोबर भिंतीपलीकडे टाकलं. तांदूळ धुतलेलं पाणीही मी तिथेच ओतत असे, वाया कशाला घालवायचं म्हणून. अंगण असं स्वच्छ झालं की डोळ्यांना थंड वाटावं. मी त्याचा फोटोही काढला. रोल धुऊन आल्यावर आजोबांनी फोटो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "यात काय आहे?"

नाताळात आम्ही तुमच्याकडे, तुमच्या जुन्या घरात, तीन आठवडे राहिलो. ते तुला आठवत असेल, तन्वी. आपण शेंगदाण्याचे लाडू केले होते आणि तू त्यावर रंगीत साखर घातली होतीस. मला सगळं आठवतं. तुझे पडलेले दोन दात आठवतात. ओंकार माझ्या पदराला धरून सगळ्या घरात हिंडला, ते आठवतं. रात्री झोपताना मी रोज स्वतःशी म्हणत होते, जून आता लांब नाही.

पण दुसरंही आठवतं, आणि तू विचारलंयस म्हणून सांगते. तुमच्या सुट्ट्या संपल्या आणि सकाळी साडेसातला घर रिकामं झालं. बाबा ऑफिसला, मेधा तिच्या कामावर, ओंकार डे-केअरला, तू शाळेत आणि मग स्विमिंगला. साडेसहा वाजेपर्यंत घरात आम्ही दोघं आणि पाऊस. पाऊसही कसा, पडतोय म्हणावं तर दिसत नाही आणि थांबला म्हणावं तर खिडकी ओली. मला रिकामं बसवत नाही. मी मेधाचं मसाल्याचं कपाट आवरलं. बरण्या अक्षरांच्या क्रमाने लावल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या. ती संध्याकाळी आली, "आई, छान केलंत," म्हणाली, आणि जिरं शोधण्यात पाच मिनिटं घालवली. दोन दिवसांनी बरण्या हळूच पहिल्या जागी गेल्या होत्या. मेधा कधी एका शब्दाने बोलली नाही. चूक माझी होती, तिचं कपाट तिच्या हातांना पाठ होतं.

आणि आजोबा खिडकीपाशी बसलेले असत, गुडघ्यांवर शाल घेऊन. काय बघताय विचारलं की म्हणत, "काही नाही." ते जिना पुन्हा कडेकडेने उतरायला लागले होते. मला ते दिसलं होतं. मी प्रवासाचा शीण म्हणून ते बाजूला ठेवलं. जे पाहायचं नसतं त्याला माणूस असं एखादं नाव देतो आणि फळीवर सारतो.

मार्च उजाडला तसा एका सकाळी आम्ही गाडी काढून बाजारात निघालो आणि मी आजोबांना म्हणाले, "थांबवा जरा." रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, घराघरांपुढे, कुंपणांच्या फटीतून, टपालपेट्यांच्या पायाशी, नारिंगी-पिवळी फुलं. पॉपी. वाटीएवढी नाहीत, पळीएवढी, पण लाखांनी. त्यांच्यामधून जांभळे तुरे. सगळी वस्ती पिवळी झाली होती. आदल्या आठवड्यात कळ्याच होत्या, आम्ही लक्ष दिलं नव्हतं. ऊन चढलं तशी ती फुलं उघडत होती, खरंच आमच्या डोळ्यांदेखत उघडत होती.

आम्ही बाजारात गेलोच नाही. गाडी वळवून घरी आलो. सगळ्या गल्लीत एकच अंगण रिकामं होतं. स्वच्छ, रेघारेघांचं, मधोमध हात वर केलेला सवारो.

डोलोरेस फाटकापाशी उभी होती. "इंजिनिअर," ती आजोबांना म्हणाली, "विमान उतरवायचंय का इथे?"

मग तिने मला समजावून सांगितलं, बसमधल्या लहान मुलाला सांगावं तसं. या वाळूत बिया असतात. आपल्याला भुसा वाटतो, धूळ वाटते, त्या बिया असतात. चांगला पाऊस होईपर्यंत त्या गप्प पडून राहतात, एक वर्ष, पाच वर्षं, कधी त्याहूनही जास्त. या वर्षीचा पाऊस असा, की आठ-नऊ वर्षांत तिने अशी फुलं पाहिली नव्हती. "आणि तू," ती म्हणाली, "आख्ख्या जगात तूच एकटी असशील वाळवंटाला केरसुणी लावणारी."

मला हसू आलं नाही. मी आत गेले आणि ओट्याशी उभी राहिले. तुम्हाला वाटेल, फुलांसाठी एवढं काय? पण मला लाज वाटली होती. प्रत्येक पुस्तकाला त्याची जागा देणं, हेच मी आयुष्यभर केलं. इथे प्रत्येक बी आपल्या जागेवर होतं आणि मी त्याला केर म्हणून उचलून फेकलं होतं. आणि तेही इतक्या समाधानाने!

आजोबा आत आले. "तिनं गंमत केली, शालू."

"आठ-नऊ वर्षांतून एकदा, अहो. आणि पुढच्या वेळी आपण इथे नसणार."

त्यांनी पातेलं काढलं. चहा टाकायला लागले. ते स्वतःहून चहा टाकतात तेव्हा त्यांना काहीतरी बोलायचं टाळायचं असतं.

त्याच आठवड्यात बाबाचा फोन आला. खालच्या खोलीला जोडून बाथरूम करायची होती, उंबरा नसलेली, भिंतीला धरायला दांड्या असलेली. बांधकामवाल्याला रविवारपर्यंत नक्की सांगायचं होतं. "आई, तुम्ही येताय ना? फक्त एकदा शेवटचं कन्फर्म करतोय. नाही तर तो तिथे कपड्यांचं क्लोझेट करून टाकेल." मी म्हणाले, अरे, येतोय म्हणजे काय, खोकीसुद्धा तयार आहेत. मग सवयीने आजोबांना विचारलं. आजोबा म्हणाले, "हो. तू म्हणशील तसं." मी फोनवर का थांबले मला माहीत नाही, पण थांबले. म्हणाले, "नितीन, रविवारी सांगते."

शनिवारी सकाळी मी अंगण झाडलं नाही. झाडण्यासारखं त्यात काही उरलंही नव्हतं. आजोबा फिरायला गेले होते. परत आले ते पुढच्या दाराने नाही, मागून हाका मारत.

"शालू! चप्पल घाल आणि ये. चप्पल नको, बूट घाल."

मागच्या बुटक्या भिंतीत एक फाटक आहे. त्याच्या पलीकडे ओढ्यात उतरणारी वाट, वाट म्हणजे काय, सुटे दगड आणि वाळूची घसरण. मी कधी त्या बाजूला गेले नव्हते. भिंतीवरून केर टाकायचा, पाणी ओतायचं आणि वळायचं, एवढंच. आजोबा माझ्यापुढे होते. ते उतरायला लागले, सरळ, तोंड पुढे करून, एका दगडावरून दुसऱ्यावर. मध्यावर थांबून त्यांनी मागे वळून हात पुढे केला. "ये. इथे पाय ठेव. हा दगड हलतो, त्याच्यावर नको."

मी त्यांचा हात धरला आणि जागच्या जागी उभी राहिले. खाली काय आहे ते मी अजून पाहिलंच नव्हतं. मी त्यांचे पाय पाहत होते.

"घाबरलीस?" ते म्हणाले.

"नाही," मी म्हणाले. "तुम्ही असे कधीपासून उतरता?"

"रोजच. फेब्रुवारीपासून. पलीकडे घुबडाचं घरटं आहे सवारोत, तुला दाखवीन."

खाली उतरले आणि वर पाहिलं. आमच्या भिंतीखालचा सगळा उतार पेटल्यासारखा पिवळा होता. चार महिन्यांचा माझा केर. बिया, उपटलेली रोपं, तांदळाचं पाणी. इतकी दाट फुलं सबंध गल्लीत कुणाकडे नव्हती. वारा आला की सगळी एका अंगावर झुकत आणि पुन्हा सरळ होत. मधमाश्यांचा आवाज एवढा, की आम्ही जरा मोठ्याने बोलत होतो. मी हसायला लागले आणि मला थांबता येईना. आजोबाही हसत होते. दोन म्हातारी माणसं कोरड्या ओढ्यात उभं राहून आपल्याच केराकडे बघत हसतायत, हे कुणी वरून पाहिलं असतं तर काय म्हणालं असतं?

मग आम्ही तिथेच एका सपाट दगडावर बसलो. ऊन पाठीवर होतं, मार्चचं, जे अजून आईच्या हातासारखं असतं आणि मे महिन्यात मास्तरांच्या हातासारखं होतं. आजोबांनी खिशातून वही काढली. मला ती वहीसुद्धा ठाऊक नव्हती. त्यात त्यांनी रोजचे पक्षी लिहिले होते, वेळ, जागा, किती पावलांवर. एका पानावर ओढ्याचा नकाशा, इंजिनिअरच्या नीट रेघांत. ते पानं उलटत मला वाचून दाखवत होते आणि मध्येच, वहीतच बघत, म्हणाले, "इथं सकाळी उठलो की पाय माझे वाटतात, शालू." आणि लगेच, घाईने, "तिकडेही वाटतील म्हणा. हीटिंग असतंच की."

त्या घाईने मला सगळं सांगितलं. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस स्वतःसाठी काही मागताना मी पाहिला नव्हता, आणि आता जे मागायचं होतं ते त्याने मागायच्या आतच परत घेतलं होतं. का, तर मला तुम्ही हवे होतात. आणि मला तुम्ही खरंच हवे होतात, तन्वी. मला तुझी वेणी घालून द्यायची होती. ओंकारला भात कालवून द्यायचा होता. त्या दगडावर बसून मी एका बाजूला साडेसात ते साडेसहा ठेवलं, खिडकी ठेवली, शाल ठेवली. दुसऱ्या बाजूला तुझी वेणी आणि ओंकारचा भात ठेवला. कुठलीच बाजू हलकी नव्हती. मी फार वेळ बसले. आजोबांनी एकदाही विचारलं नाही, काय झालं म्हणून.

रविवारी सकाळी मी फोन लावला. आजोबा सिंकपाशी कप धूत होते, माझ्याकडे पाठ करून. धुतलेलेच कप पुन्हा धूत होते.

"नितीन," मी म्हणाले, "तिथे क्लोझेट करायला सांग."

तुमचा बाबा म्हणाला, "आई, मेधाशी काही झालं का? मसाल्यांवरून?"

"वेडा आहेस का! मेधा सोन्यासारखी आहे, आणि कपाट मीच बिघडवलं होतं. तुझे बाबा इथे ओढा उतरतात, नितीन. सरळ उतरतात. काल त्यांनी मला हात दिला. मी त्यांना नाही."

नळाचं पाणी बंद झाल्याचं मला ऐकू आलं.

"मग मी तिकडे येऊन बघतो," बाबा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "एप्रिलमध्ये मुलांना सुट्टी आहे. सगळेच येतो."

आणि तुम्ही आलात. त्या एप्रिलला आणि नंतरच्या प्रत्येक एप्रिलला. ओंकार डोलोरेसच्या हॅटमध्ये बुडून गेला होता. तू लाव्यांसाठी तांदळाच्या पिठाने स्वतःचं नाव काढलंस, आणि त्यांनी ते शेवटच्या अक्षराकडून खाल्लं म्हणून रुसलीस. दहा दिवस तुम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्या नजरेसमोर होतात, बाहेर, उन्हात. त्या दहा दिवसांत मी तुझी वेणी जितक्या वेळा घातली, तितक्या वेळा रेडमंडला तीन आठवड्यांत घातली नव्हती. मी ती मोजली नाही, पण मला माहीत आहे. तुम्ही परत गेलात तेव्हा घर किती रिकामं झालं तेही माहीत आहे. ते दरवर्षी होतं. त्याची सवय होत नाही, आणि होऊ नये असंच मला वाटतं.

पण त्या रविवारचं थोडं राहिलं. फोन ठेवल्यावर आजोबांनी हात पुसले, दारापाशी गेले आणि बूट घालायला स्टुलावर बसले. नाडी बांधता बांधता, मान खाली घालून त्यांनी विचारलं, "माझ्यासाठी राहतेयस?"

"छे," मी म्हणाले. "माझ्यासाठी."

तन्वी, तू विचारलंस म्हणून खरं सांगते. त्या दिवशी मी खोटं बोलले. आजोबांना ते कळलं असावं. एरवी ते माझ्या दहा पावलं पुढे चालतात, त्या दिवशी शेजारी चालले, आणि घुबड दाखवायचं विसरले.

त्या खोट्याचं खरं कधी झालं, मला सांगता येत नाही. मी खोकी उघडली तेव्हा झालं नाही. डोलोरेसबरोबर चैत्रातलं हळदीकुंकू केलं आणि तिने पन्ह्यात मिरपूड घातली, तेव्हाही नाही. पण गेल्या वर्षी आम्ही दिवाळीला तुमच्याकडे आलो होतो ना, तिथून परत येत होतो. निघताना मी विमानतळावर रडले होते, तू मला तुझा रुमाल दिला होतास. विमान खाली यायला लागलं, ढग संपले, आणि खिडकीतून तपकिरी डोंगर दिसले, उघडे, सुरकुतलेले, त्यांच्यामधून कोरड्या ओढ्यांच्या पांढऱ्या रेघा. रुमाल अजून हातात ओला होता. मी खिडकीकडेच बघत म्हणाले, "चला, आलं घर."

आजोबांनी वर्तमानपत्र खाली केलं. "काय म्हणालीस?"

त्यांना स्पष्ट ऐकू आलं होतं. तरी मी पुन्हा म्हणाले.